मोजणीसाठी बंद

वारज्यातल्या आमच्या वाचनालयाच्या दारावर परवा कागद लागला. 'वार्षिक ग्रंथमोजणीसाठी वाचनालय बंद राहील. मोजणीनंतर ते पूर्ववत सुरू होईल. सर्व सभासदांनी आपल्याकडील पुस्तके त्वरित जमा करावीत.' खाली सही, शिक्का, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. माझ्या पिशवीत परत करायचंच पुस्तक होतं, वाचूनही झालं होतं. मी कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि पायरी न चढता मागे फिरले. कोपऱ्यावर उसाचा रस घेतला, तोही अर्धा टाकला.

मार्च सरत आला की कडुनिंब फुलतो. संध्याकाळी त्याचा कडसर गोड वास रस्त्यावर उतरतो, मंडईत कैऱ्यांचे ढीग लागतात, दुपारी पत्रे तापून कडकड वाजतात. लोकांचा हा पाडव्याचा, कैरीच्या डाळीचा, मुलांच्या परीक्षांचा हंगाम. आमच्या घरात त्याचं नाव मोजणी होतं. 'मोजणी आली' असं अप्पा म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडावर लग्नघरातल्या माणसाची लगबग दिसायची.

अप्पा म्हणजे माझे वडील. कसबा पेठेतले तांबट. तांब्याचा पत्रा ठोकून बंब, हंडे, घागरी करायच्या आणि मग त्यावर हातोडीचे बारीक, एकसारखे ठोके उमटवत जायचं, हा आमचा पिढ्यांचा धंदा. आळीत सकाळी जो ठणठणाट सुरू व्हायचा तो संध्याकाळपर्यंत. त्यात वाढलेल्या माणसाचे कान चाळिशीतच जातात. अप्पांचे पस्तिशीत गेले. त्याचं त्यांना काही विशेष वाटलं नाही, कारण त्यांच्या वडिलांचेही गेले होते. मी टेलिफोन खात्यात नोकरीला. दिवसभर अनोळखी माणसांचं ऐकून घ्यायचं आणि घरी येऊन बापाच्या कानाशी ओरडायचं. लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेले तरी ते चुकलं नाही; वारज्याला राहायला आले ते फार पुढं. शेवटी दाराशी खिळ्याला एक दगडी पाटी टांगली. अप्पांना काही सांगायचं असलं की पाटीवर लिहायचं. गिऱ्हाईकसुद्धा लिहायचं, 'घागर गळते', 'चार वाजता येतो'.

अशा माणसाला जगात एकच जागा बरोबरीची होती. पेठेतलं वाचनालय. तिथं बोलायला बंदीच. "तिथं सगळेच माझ्यासारखे," अप्पा म्हणायचे, अर्थात मोठ्यानं, आणि म्हणून वाचनालयात त्यांना दोनदा समजही मिळाली होती.

ते वाचनालय म्हणजे काही संगमरवरी प्रकरण नव्हतं. दुकानांच्या डोक्यावरचा एक लांबट माळा, लाकडी जिना, भिंतीभर कपाटं आणि प्रत्येक कपाटावर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ रंगवलेलं नाव. या शहरात वाचनालयं अशीच वाढली. आधी चार माणसांनी एक वर्तमानपत्र घ्यायचं आणि उतरत्या फळीवर लावून ठेवायचं, वाचता येणाऱ्यानं न येणाऱ्याला वाचून दाखवायचं. मग कुणीतरी मरताना आपली पुस्तकं द्यायची, कुणी कपाट द्यायचं, कुणी माळा. मग पेठेपेठेला आपलं वाचनालय हवं, कारण शेजारच्या पेठेत आहे. मग खिडकी आली. खिडकीच्या अलीकडे आपण, पलीकडे ग्रंथपाल आणि पुस्तकं; चिठ्ठीवर चार नावं लिहून द्यायची आणि ते देतील ते पाचवं घेऊन घरी जायचं. बायकांना दुपारची वेगळी वेळ. माझी आई त्या वेळात जायची आणि पदराखाली पुस्तक घेऊन परत यायची, जणू काही चोरून आणलंय. पुढं खिडकी गेली, आतपर्यंत जायला मिळालं, मुलांसाठी वेगळा कोपरा झाला, सायकलला पिशव्या लावून घरपोच पुस्तकं देणारेही आले. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं किंवा घरात ऐकलं. कुणी एकानं हे शहरासाठी उभं केलं नाही. माणसं मरत गेली आणि मागं पुस्तकं ठेवत गेली, तेवढाच त्याचा इतिहास.

आणि दर वर्षी मार्चअखेर मोजणी. पेठेतल्या घराघरांत, उशाखाली, फडताळात, दुकानांच्या गल्ल्यामागं पसरलेली पुस्तकं जमा व्हायची. एरवी कपाटांत दात पडल्यासारख्या फटी असायच्या. मोजणीच्या आठवड्यात फटी बुजायच्या. अप्पा मदतीला जायचे. धूळ झाडायची, फाटलेल्याला कागद डकवायचा, क्रमानं लावायचं. बाकीचे आकडे पुकारायचे, ते अप्पांना ऐकू यायचं नाही. त्यांचं त्यावाचून अडायचं नाही. "वर्षातून एकदा सगळी माहेरी येतात," ते म्हणायचे. मला ते बघायला खास घेऊन जायचे. जुन्या कागदाचा, डिंकाचा, फिनेलचा वास आणि मधे फडकं खांद्यावर टाकून उभा असलेला माझा बाप. त्यांना मी इतकं खूश देवळातही पाहिलेलं नाही.

एका वर्षी मात्र चैत्राच्या आधीच पेठेत कुजबुज सुरू झाली होती. वाचनालय बंद करणार. जागेला भाव आलाय. वरच्या मंडळींचं ठरलंय. दूधवाला सांगायचा, पिठाच्या गिरणीत बायका सांगायच्या, आमच्या आळीत तर हातोड्या थांबवून सांगायचे. हे सगळं तोंडी. ज्याची खात्री नाही ते पाटीवर कोण लिहिणार? त्यामुळं सगळ्या पेठेत ही बातमी एकाच माणसापर्यंत पोचली नाही.

मी सांगितलं. कानाशी जाऊन ओरडले, "अप्पा, वाचनालय कायमचं बंद करणार आहेत म्हणे."

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. लोक म्हणतात."

"दारावर पाटी आहे. 'मोजणीसाठी बंद.' मी स्वतः वाचली. पुढं 'मोजणीनंतर पूर्ववत सुरू' असं लिहिलंय. तू वाचलीस का?"

वाचली होती. तसंच लिहिलं होतं. दामले बाईंच्या, म्हणजे ग्रंथपालबाईंच्या, वळणदार अक्षरात. ज्याला अर्धं आयुष्य ऐकू आलेलं नाही त्याचा लिहिलेल्यावर विश्वास बसणारच. आणि हे तर पुणं. इथं पाटी लावली की विषय संपला.

मी दामले बाईंना जिन्यात गाठलं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मला सांगितलं तसं मी लिहिलं," म्हणाल्या. "यापुढचं मला ठाऊक नाही. आणि ठाऊक असतं तरी माझं इथं काय चालतं?" मग त्या खाली उतरून गेल्या. हेही मी अप्पांना ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे लिहिलंय ते बरोबरच आहे की."

त्या वर्षी पुस्तकं नेहमीसारखी जमा होत नव्हती. कुजबुजीनं लोक सावध झाले होते, पुस्तक दाबून बसले होते. अप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सार्वजनिक वस्तू घरात ठेवून घेणारी माणसं त्यांना मुळातच आवडायची नाहीत. भर उन्हात पिशवी घेऊन ते दारोदार फिरू लागले. दार उघडलं की मोठ्या आवाजात, "मोजणी आहे, पुस्तक द्या." बहिऱ्या माणसाशी हुज्जत घालणार कोण? त्याला कारण सांगायचं तर अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल. लोकांनी मुकाट्यानं आणून दिली. साऱ्यांची पुस्तकं पिशवीत घालून अप्पांनी तो लाकडी जिना रोज चढला.

एकीनं दिलं नाही. वानखेडेताई.

वानखेडेताई यवतमाळकडच्या. नवरा भोसरीला कारखान्यात, ही इथं एका खोलीत शिकायला आलेल्या मुलांचे जेवणाचे डबे करायची. पदरात एक लहान मुलगी. वाचनालयातून ती एकच पुस्तक न्यायची. मुदत संपली की परत आणायची आणि लगेच पुन्हा तेच न्यायची. तिकडच्या आठवडी बाजारांवर कुणीतरी पूर्वी कधी लिहिलेलं, जाडजूड, कंटाळवाणं पुस्तक. त्यात दीड पानभर तिचं गाव होतं, पांढरसावळी. गाव धरणात गेलं. चिंचेची झाडं गेली, बाजाराचा ओटा गेला, नदी तर धरणच झाली. पुस्तकात मात्र बाजार भरलेला होता. बांगडीवाल्या कुठं बसायच्या, गूळ कुठून यायचा, सगळं होतं. आणि एका वाक्यात, बाजाराच्या तोंडाशी पानं विकणारा एक लंगडा म्हातारा. नाव नव्हतं. "तो माहा आजा हाये," ती मला एकदा म्हणाली होती. "त्याईचा फोटो नाई, काई नाई. एवढंच हाये."

आज कुणीही विचारेल की फोटो का नाही काढला, झेरॉक्स का नाही काढली. तेव्हा तिच्याकडे बटणांचा फोन होता. आणि झेरॉक्सचं म्हणाल तर पुस्तक घरातच असायचं की तिच्या. हाताशी असलेल्या वस्तूची नक्कल करून ठेवायचं कुणाला सुचतं?

अप्पा तिच्या दारात गेले त्या दिवशी मी बरोबर होते. ती पोळ्या लाटत होती. तिनं मान हलवली. "मी नाई देत जी, काका. मोजाचंच असन तं इथं येऊन मोजा. एकच तं हाये."

मी ते पाटीवर लिहिलं. बाहेर जाताना पाटी बरोबर असायचीच. अप्पांनी वाचलं आणि ते रागावले नाहीत. चौकटीला टेकून उभे राहिले आणि त्यांना जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाले, "ताई, एक जरी पुस्तक कमी भरलं तर ते आपल्याच वाचनालयाला खाली बघायला लावेल. मोजणी झाली की पहिलं पुस्तक कपाटातून निघेल ते तुमचं. मी स्वतः आणून देईन. हा माझा शब्द."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बापानं शब्द दिल्यावर मी काय बोलणार? तिनं पिठाचे हात धुतले, पुसले, पत्र्याच्या पेटीतून पुस्तक काढलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. अप्पांनी ते पिशवीत नाही टाकलं, छातीशी धरून नेलं.

मोजणी झाली. एकही पुस्तक कमी भरलं नाही म्हणे. वाचनालयाच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. अप्पा त्या दिवशी घरी आले ते पेढे घेऊन.

मग ते उघडलंच नाही.

रोज सकाळी अप्पा जिन्याशी जायचे. कुलूप, वर तीच पाटी. पाडवा गेला, रामनवमी गेली, आंबे येऊन संपले. पाटीवर धूळ बसली तर अप्पा ती हातरुमालानं पुसायचे. एका दुपारी टेम्पो येऊन लागला. माणसं कपाटांतली पुस्तकं गोण्यांत भरून जिन्यावरून खाली सोडत होती. गोणी पायरीवर आपटली की धप्प असा आवाज यायचा, सगळ्या आळीला तो ऐकू गेला. अप्पा त्या वेळी घरात झोपले होते. जागे असते तरी काय कळणार होतं? संध्याकाळी ते गेले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आत कपाटंसुद्धा नव्हती. भिंतीवर कपाटांच्या जागी फिकट चौकोन होते. ते घरी आले, पाटी खिळ्यावरून काढली, पेन्सिल माझ्या हातात दिली. मी लिहिलं, 'गोण्या भरून नेली.' त्यांनी ते वाचलं, पुसलं आणि पाटी पुन्हा जागेवर लावली. जेवले नाहीत.

ज्यांनी पुस्तकं बुडवली असती त्यांच्याकडं ती आज सुखरूप असती. प्रामाणिक माणसांनी एकूण एक आणून दिली आणि एकूण एक गेली. माझ्या बापानं दारोदार फिरून ती मरायला गोळा केली. हे मी त्यांना कधी लिहून दाखवलं नाही. त्यांचं त्यांना कळलं होतं. कारण त्यानंतर ते वानखेडेताईच्या गल्लीतून जायचे बंद झाले; पीठ आणायला लांबचा वळसा घालून जायचे.

पण शब्द दिलेला होता. मग सुरू झाली शोधाशोध. पुस्तकं कुठं गेली? एक म्हणाला, गोदामात. गोदामवाले म्हणाले, आमच्याकडे काही आलेलं नाही. कुणी म्हणालं लगद्याच्या कारखान्यात. ज्यांच्या हातात होतं त्यांनी हात झटकले. एका कचेरीत अप्पांनी विचारलं तेव्हा टेबलामागचा माणूस बराच वेळ बोलला. अप्पांनी त्याच्यापुढं पाटी धरली, "लिहून द्या." तो म्हणाला, "आजोबा, असं लिहून देता येत नाही." हे मला अप्पांच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. अप्पांनी पाटी पिशवीत घातली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना लिहून द्यायला नकार दिला होता.

रद्दीची दुकानं झाली, फुटपाथवरचे जुनी पुस्तकं विकणारे झाले, रविवारचा जुना बाजार झाला. अप्पा उकिडवे बसून एकेक ढीग उपसायचे. आतला शिक्का आपला आहे का बघायचे. मुलांच्या कोपऱ्यातली दोन-चार मिळाली, एक व्याकरणाचं, एक शिवणकामाचं. पांढरसावळीचा बाजार मिळाला नाही. ऊन सोसवेना तेव्हा ते थांबले.

त्या माळ्यावर आता अभ्यासिका आहे. एकेकाला फळीची भिंत घातलेले खण, प्रत्येक खणात दिवा, पंखा, चार्जिंगची सोय. स्पर्धा परीक्षेचा हंगाम आला की जिन्यापाशी चपलांचा खच. विदर्भातली, मराठवाड्यातली मुलं आपापली पुस्तकं, आपापल्या बाटल्या घेऊन तिथं पहाटेपासून बसतात. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. घरून शेत विकून आलेली असतात काही, आणि बसायला त्यांना दुसरी जागा कुठं आहे? पण वाचनालयाचं म्हणावं असं पुस्तक तिथं एकही नाही. शांतता मात्र पूर्वीपेक्षा जास्त आहे. वानखेडेताईचे डबे तिथंच जातात. तिची मुलगी मोठी झाली, तीही तिथंच बसते, खिडकीकडच्या खणात. तिला मी एकदा सांगितलं की तुझ्या पणजोबांचं पुस्तक साधारण तू बसतेस तिथंच होतं. "ओह, रिअली?" म्हणाली आणि कानात वायरी घातल्या. तिचाही पेपर जवळ आला होता.

काल वारज्याच्या वाचनालयातून फोन आला. तरुण मुलगा, आवाजात मार्दव. "मॅडम, तुमच्या नावावर एक बुक पेंडिंग दाखवतंय. मोजणी सुरू आहे, प्लीज जमा कराल का?"

"नंतर उघडणार आहे ना?" मी विचारलं.

"हो मॅडम. तसं नोटिशीत लिहिलंय ना."

मी फोन ठेवला. पुस्तक अजून पिशवीत आहे. पिशवी दाराच्या मागं.

वाचनालय गेल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या चैत्रात अप्पांनी एक तांब्या घडवला. हात थरथरायला लागले होते, ठोके पूर्वीसारखे एकसारखे पडत नव्हते. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे, बारीक छिन्नीनं टिंबाटिंबांनी. अप्पांनी वानखेडेताईचं नाव नाही घातलं. गळ्याभोवती गाव घातलं, 'पांढरसावळी', आणि खाली बाजाराचा वार. वार त्यांना ठाऊक नव्हता, तो मी गुपचूप तिच्या मुलीला विचारून आणला होता; आईच्या तोंडून ऐकून ऐकून तिला तो पाठ होता. मग ते मला घेऊन वानखेडेताईच्या दारात गेले. इतक्या दिवसांनी.

ती तशीच पोळ्या लाटत होती. अप्पांनी तांब्या पुढं केला. "पुस्तक नाही मिळालं," ते म्हणाले. "मी खूप शोधलं." त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

तिनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला. गळ्यावरून बोट फिरवत अक्षरं वाचली. मग माझ्याकडे वळून, अगदी सावकाश म्हणाली, "नाव तं मले पाठच होतं, ताई. मले बाकीचं पाह्यजे होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

अप्पांनी तिचे ओठ हललेले पाहिले. त्यांनी पाटी काढली, पदराचं टोक धरावं तशी दोन बोटांत धरून माझ्यापुढं केली. "काय म्हणाल्या? लिही."

माझा हात पुढं होईना. वानखेडेताईनं पोळपाट बाजूला सारला, पिठाच्या हातानं पाटी माझ्या आधी घेतली आणि मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर काढत लिहिलं, 'आवडला. पुस्तकाचं मनावर घेऊ नका, काका.'

अप्पांनी पाटी उजेडात धरून वाचली. दोनदा वाचली. आणि त्यांचा चेहरा सुटला, कितीतरी दिवसांनी, कारण ते लिहिलेलं होतं.